धुक्यातला निळा ठिपका

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका लाँचमध्ये येऊन बसा. लाँच लहानशी आहे. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. बसलात? आता डोळे उघडा. समोर पांढरं, मागंही पांढरं. पाणी कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते ते कळत नाही. हात लांब केला तर आपलीच बोटं पुसट होतात. एक पाणकावळा ओरडतो, पण कुठून ते सांगता येत नाही. आणि तुमच्या पायाशी, फळ्यांवर घोंगडी अंथरून, तुमच्या वडिलांना निजवलेलं आहे. त्यांच्या पायाला साप चावला आहे.

तेजल शेलार त्या सकाळी अशी बसली होती. चौथीतली मुलगी. मी तिच्या समोरच्या बाकावर होतो, तिच्या वडिलांचा पाय मांडीवर घेऊन.

"बबनकाका, किती राहिलं?" तिनं विचारलं.

"आलंच की आता."

"मगाशी पण आलंच म्हणालात."

"मग मगाशीपेक्षा आता जवळ आलं असेल न्हवं?" बबन उतेकर म्हणाला खरा, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

आमची धारेवाडी कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होती. तिथं मी शाळेत शिकवायचो आणि शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचो. गावाला गाडीरस्ता नव्हता. दवाखाना, बाजार, एसटी, सगळं पाण्यापलीकडं खिरोलीला. मधे बबनची लाँच. बबनला कधी होकायंत्र लागलं नाही. समोरच्या डोंगराची खिंड, काठावरचा वाळका उंबर, देवळाचा कळस अशा खुणा बघत तो डोळे झाकून लाँच नेतो, असं सगळे म्हणत. त्या दिवशी कळलं की ते बोलण्यापुरतं होतं. खुणा दिसल्या तरच त्याला वाट सापडायची.

शांताराम शेलार पहाटे चुलीसाठी वाळकी लाकडं काढायला घरामागं गेला आणि लाकडाच्या ढिगातलं फुरसं त्याच्या घोट्याला चावलं. फुरशाचं विष माणसाला थोडा वेळ देतं, पण जास्त नाही. शांतारामची बायको, संगीता, तान्ह्या मुलाला घेऊन काठापर्यंत आली. मूल तापानं फणफणलं होतं, त्याला घेऊन त्या गार धुक्यात कशी येणार? ती मागं राहिली. तेजल मात्र वडिलांचा हात धरून लाँचमध्ये चढली होती, आणि तिला उतरवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्या गळ्यात कापडी पिशवी होती. तिच्यात वडिलांचा फोन.

बबननं इंजिन बंद केलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"काय झालं?"

"ऐकतोय, गुरुजी. खिरोलीचा कोंबडा ऐकू येतोय का बघतोय."

आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. कोंबडा नाही, गिरणीचा पट्टा नाही, काही नाही. तेवढ्यात लाँचच्या तळाशी खर्रर्र करून काहीतरी घासलं.

बबननं बांबू पाण्यात खुपसला आणि त्याचा चेहरा उतरला. "वाळक्या झाडांचं रान हाय खाली. ही खिरोलीची वाट न्हवं."

धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या रानातली झाडं अजून उभी होती. पाणी उतरलं की त्यांचे टोकदार शेंडे जेमतेम बुडालेले राहत. अंधारात किंवा धुक्यात त्यात शिरणं म्हणजे लाँच फाडून घेणं. शिवाय ते रान डोंगरात शिरणाऱ्या पाण्याच्या एका लांबच लांब फाट्याच्या तोंडाशी होतं. त्या फाट्यात आत गेलो असतो तर दुपारपर्यंत बाहेर पडलो नसतो.

शांताराम डोळे मिटून होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. त्याच्या हिरड्यांतून रक्ताची बारीक रेघ आली होती. मी ती रुमालानं पुसली, तेजलला दिसणार नाही अशी. पण तिला दिसली.

"फोनमध्ये नकाशा हाय," ती एकदम म्हणाली. "परवा बाजारात गुरुजींनी दाखवला होता. त्यात आपण कुठं हाय ते दिसतं."

खरं होतं. परवा बाजाराच्या दिवशी मी शाळेची चार मुलं घेऊन खिरोलीला गेलो होतो. धारेवाडीत रेंज नव्हती, खिरोलीत होती. शांतारामचा फोन मुंबईच्या मेव्हण्यानं दिलेला, मोठ्या पडद्याचा. मी त्यावर मुलांना आपलं गाव, धरण, धक्का दाखवला होता. आणि आपण उभे होतो तिथं एक निळा ठिपका. तो बघून मुलं हरखली होती. एकदा बघितलेला नकाशा फोन जपून ठेवतो, म्हणजे रेंज नसली तरी नकाशा उघडणार होता.

तेजलनं फोन काढला. नकाशा उघडला. धरणाचं निळं पाणी दिसलं, खिरोलीचा धक्काही दिसला. ठिपका नव्हता. एक गोल चकती नुसती फिरत होती.

"आणा हिकडं." बबननं फोन घेतला आणि छपराबाहेर हात काढून उंच धरला. आमच्या गावची ही सवयच होती. रेंज मिळवायची तर फोन उंच धरायचा. गावामागच्या टेकाडावर एक सागाचं झाड होतं, त्याच्या फांदीला लोक जाळीच्या पिशवीत फोन टांगून ठेवत आणि खाली उभं राहून वर बघून बोलत. बबननं फोन वर धरला, हलवला, उलटा केला, मग बंद करून पुन्हा चालू केला.

"आलं का?"

"न्हाय."

"परत बंद करतो."

"बबनराव, थांबा," मी म्हणालो. "ही रेंज नव्हे. आपण हलवतोय म्हणूनच बिघडतंय."

मी फोन घेतला आणि छपराबाहेर, लाँचच्या पुढच्या टोकाला, नाकाडावरच्या फळीवर सपाट ठेवला. वर मोकळं आभाळ. "धुकं असलं तरी त्यातून ते आवाज येतात," मी म्हणालो.

"कोणते आवाज?" तेजलनं विचारलं.   तिचं लक्ष वडिलांच्या तोंडावरून काढावं म्हणून मी शिकवायला लागलो. दुसरं मला येतं तरी काय?

"वर खूप उंचावर उपग्रह फिरतायत. प्रत्येक जण सारखा एकच गोष्ट सांगतोय. 'मी अमका, माझ्याकडं आत्ता इतके वाजलेत आणि मी अमक्या ठिकाणी आहे.' आवाज फार हळू. वर्गात मागच्या बाकावरून मीनल बोलते ना, तिच्यापेक्षाही हळू. फोननं अशा चौघांचं ऐकलं की त्याला समजतं, आपण कुठं आहोत."

"मग ऐकत का न्हाय त्यो?"

"ऐकतोय. पण एकेकाचं बोलणं पुरं व्हायला अर्धं मिनिट लागतं. मधे कुणी हात आडवा धरला, फोन हलवला, बंद केला, की ऐकलेलं वाया. पुन्हा पहिल्यापासून."

बबननं दोन्ही हात पाठीमागं नेले. त्याही वेळी मला हसू आलं.

"बाजारात तर झटक्यात आला होता ठिपका," तेजल म्हणाली.

"कारण तिथं टॉवर होता. टॉवर काय करतो, सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक फोनला एकदम देऊन टाकतो. एसटी स्टँडवर भिंतीला लावलेलं असतं ना? कुठली गाडी कुठं, किती वाजता. मग फोनला चाचपडावं लागत नाही. कुणाचा आवाज कुठून येणार ते आधीच ठाऊक, फक्त कान तिकडं करायचा."

फळीवर चकती फिरत होती. लाँच एकदा डावीकडं कलली आणि बबननं बांबूनं तिला एका शेंड्यापासून लोटलं. त्या हिसक्यानं फोन घसरला. मी पकडला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा पहिल्यापासून.

शांतारामनं डोळे उघडले. "तेजू कुठाय?"

"हितंच हाय, पप्पा."

"घाबरली न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

तो माझ्याकडं बघून हसल्यासारखं करून म्हणाला, "गुरुजी, पोरगी शब्दाची पक्की हाय. फोनवर त्यो गोळ्या फोडायचा खेळ सारखा खेळायची. एकदा माझ्या गळ्याची शपथ घातली, तवापासून हात न्हाय लावला. फोनचं सगळं तिलाच कळतंय. तिच्यावर सोडा."

आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. तेजलनं मान खाली घातली. बाप कौतुक करतोय आणि मुलगी लाजतेय, असं मला वाटलं.

"एक मात्र आहे," मी पुढं बोलत राहिलो, कारण गप्प बसणं जास्त अवघड होतं. "हा नवा फोन आहे. वेळापत्रक एका दिवसाचं नाही, पुढच्या काही दिवसांचं एकदम घेऊन ठेवतो. परवा बाजारात घेतलेलं आज चालायला पाहिजे. इतका वेळ लागायला नको होता. त्याला ते शिळं का वाटतंय कोण जाणे."

तेजल माझ्याकडं बघायला लागली. मी तीस वर्षं मुलांसमोर उभा राहिलो आहे. एखादी गोष्ट मुलाला समजते तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय होतं, मला माहीत आहे. तिच्या डोळ्यांत ते झालं. पण त्याबरोबर आनंद असतो, तो नव्हता.

"गुरुजी, वेळापत्रक शिळं झालं हे फोन कशावरनं ठरवतो?"

"आजच्या तारखेवरून. तुझ्या घरच्या दिनदर्शिकेवरून आपण बघतो तसंच."

"आणि आजची तारीख त्याला कोण सांगतं?"

"टॉवर सांगतो. नाहीतर आपण लावून दिलेली असते ती."

ती उठली. वाकून फळीवरचा फोन घेतला आणि आमच्याकडं पाठ करून नाकाडाच्या टोकाशी जाऊन बसली. "अगं, हलवू नको," बबन ओरडला. तिनं ऐकलं नाही. तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, रडू दे पोरीला, इतका वेळ धीर धरलाय. मग तिनं फोन फळीवर पुन्हा सपाट ठेवला, दोन्ही हात फ्रॉकमध्ये गुंडाळून घेतले आणि त्याच्याकडं बघत बसली.

चकती फिरली, फिरली, आणि थांबली.

"आला," ती म्हणाली. इतक्या हळू, की बबनला ऐकूच गेलं नाही.

"काय म्हणतीस?"

"आला! काका, ठिपका आला!"

निळ्या पाण्यात निळा ठिपका. आम्ही खिरोलीच्या धक्क्याकडं तोंड करून नव्हे, पाठ करून उभे होतो. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर फाट्यात शिरलोच होतो.

"अरं तिच्या!" बबन म्हणाला. "ह्ये कसं झालं? मी तर सरळ आणली की लाँच!"

"सरळच आणलीत. फक्त दुसरीकडं."

"गुरुजी, तुम्ही नंतर हसा."

त्यानं बांबूनं लाँच झाडांतून मागं काढली आणि इंजिन चालू केलं. तेजल फोनवर डोळे लावून सांगत होती. "उजवीकडं. अजून. काका, लई झालं, थोडं डावीकडं. आता सरळ." ठिपका चालत होता. बबन, ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकून सुकाणू फिरवलं नव्हतं, तो चौथीतल्या मुलीचं मुकाट ऐकत होता. मी शांतारामचा हात धरून होतो. तो गार पडत चालला होता आणि मी त्याच्याशी काहीबाही बोलत होतो, या वर्षीच्या नाचणीबद्दल, त्याच्या रेडकाबद्दल. तो मधूनच हुंकार द्यायचा. एकदा हुंकार आला नाही, तेव्हा मी त्याला जोरात हलवलं.

"जागा हाय, गुरुजी," तो म्हणाला. "तुमचंच ऐकतोय. नाचणीचं परत परत सांगताय."

मग कोंबडा ऐकू आला. मग गिरणी. आणि धुक्यातून एकदम, हाताच्या अंतरावर, धक्क्याच्या ओल्या पायऱ्या.

खिरोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. धक्क्यावरच्या पोरांनी शांतारामला उचलून नेईपर्यंत त्यांनी इंजेक्शन भरून ठेवलं होतं. सलाइनमधून औषध सुरू झालं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

"वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर रक्त थांबवणं अवघड गेलं असतं. पण साताऱ्याला न्यावं लागेल. ॲम्ब्युलन्स तयार आहे. घरचं मोठं माणूस कोण आहे बरोबर?"

मी तेजलकडं पाहिलं. तेजलनं जमिनीकडं पाहिलं.

"आई पलीकडं हाय," ती म्हणाली. "बाळ पण आजारी हाय."

"मग आईला बोलवा. दोघांना घेऊन या, बाळाला मी तपासते. तोवर पेशंटबरोबर कुणीतरी चला."

"मी जातो," मी म्हणालो.

शांतारामला स्ट्रेचरवर घेतलं. तेजल त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. मी तिला बाजूला करणार होतो, पण तिनं दांडा घट्ट धरला होता.

"पप्पा."

"काय गं?"

"मी शपथ मोडली."

शांतारामनं मान तिच्याकडं वळवली.

"दिवाळीला मामाकडचा दादा आला होता ना मुंबईचा, त्यानं शिकवलं. खेळात जीव संपले की थांबावं लागतं. पण फोनची तारीख पुढं ढकलली की खेळाला वाटतं, लई दिवस गेले, आणि तो सगळे जीव परत देतो. परवा बाजारातनं आल्यावर मी तारीख दोन आठवडे पुढं केली. चोरून खेळले. म्हणून फोनला वाटलं वेळापत्रक शिळं झालं. म्हणून ठिपका येत नव्हता. मगाशी तारीख मागं आणली, तवा आला." आणि खरी गोष्ट आता बाहेर पडली. "तुमच्या गळ्याची शपथ होती. मी मोडली आणि दोनच दिवसांत तुम्हाला साप चावला. माझ्यामुळं चावला."

बघा, त्या लाँचमध्ये मी तिला उपग्रह आणि वेळापत्रकं सांगत होतो, आणि ती एवढीशी पोर हे उराशी घेऊन बसली होती. वडील मरतायत, आणि त्यांना आपणच मारलं. त्यातही तिनं माझा प्रत्येक शब्द ऐकला होता, त्यातली चूक स्वतःपाशी शोधली होती आणि दुरुस्त केली होती.

मी तिला काही सांगणार, एवढ्यात शांताराम बोलला. जीभ जड झाली होती, पण शब्द नीट आले.

"तेजू, त्ये फुरसं लाकडात झोपलं होतं. मी न बघता हात घातला, पाय ठेवला. त्याला काय ठाऊक तू खेळलीस का न्हाय? त्याच्याकडं कुठं फोन हाय?"

ती हसली नाही. पण तिची मूठ दांड्यावरून थोडी सैल झाली.

"शपथ मोडलीस ते वाईटच केलंस," तो म्हणाला. "त्याचं मी बरा झाल्यावर बघतो. चांगला ओरडणार हाय. आता मला सांग, फोनमध्ये तारीख कुठली हाय?"

"आजची."

"मग झालं."

ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं. मी आत चढलो आणि तेजलला हात दिला. मला वाटलं होतं, ती वडिलांना सोडून राहणार नाही. दवाखाना धक्क्याला लागूनच होता. वरच्या पायरीवर बबन एकटाच उभा होता आणि पाण्याकडं बघत होता. धुकं तसंच होतं. उलट जास्तच दाट झालं होतं.

"बबनराव, धुकं विरल्यावर जा," मी ओरडून सांगितलं.

"दुपार हुईल. त्या पोराचा ताप दुपारपर्यंत थांबल का?" त्यानं गळ्यातला मफलर घट्ट केला. "जातो हळूहळू. दिसलं तर दिसलं."

तेजलनं माझा हात सोडला.

ती दवाखान्याच्या अंगणात गेली, तिथं रेंज चांगली होती. फोन उघडला. नकाशावर धारेवाडीचा काठ आणला, मोठा करून नीट पाहिला. तारीख पाहिली, वेळ पाहिली. ठिपका येईपर्यंत थांबली आणि आल्यावरही थोडं थांबली, जणू फोनला पोटभर जेवू घालत होती. मग परत येऊन वडिलांच्या कपाळाला हात लावला.

"मी आईला घेऊन येते," ती म्हणाली. "बबनकाकांना फोन चालवता येत न्हाय. ते हलवतात."

आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून ती लाँचच्या नाकाडावर जाऊन बसली, फोन समोर सपाट ठेवला आणि मागं न बघता म्हणाली, "काका, चला. आधी सरळ."